काटकसरीचा हिशेब

घरातील पर्यावरणस्नेही काटकसर म्हणजे रोजचे तेच काम कमी विजेत, कमी गॅसमध्ये, कमी पाण्यात आणि कमी वस्तूंत भागवणे. जे वापरलेच नाही त्याचे पैसे मोजावे लागत नाहीत आणि ते तयार करताना जळणारे इंधनही वाचते. महाराष्ट्रातील बरीचशी वीज आजही कोळशावर होते, त्यामुळे घरात वाचलेले युनिट म्हणजे चंद्रपूर किंवा कोराडीसारख्या एखाद्या केंद्रात न जळलेला कोळसा. घराचा फायदा आणि पर्यावरणाचा फायदा असे बहुतेक वेळा एकाच दिशेने चालतात. बहुतेक वेळा, नेहमी नव्हे. आणि ते कुठे फाटतात हे पाहिल्याशिवाय हा विषय नीट कळत नाही.

बचतीच्या उपायांच्या ज्या याद्या सर्वत्र फिरतात त्यांची अडचण वेगळीच आहे. चार्जर काढून ठेवा, दिवे मालवा, कापडी पिशवी न्या, गिझर जपून वापरा, या सगळ्या सूचना तिथे एका रांगेत उभ्या असतात. त्यांतली एक वर्षाला वीस-पंचवीस रुपये वाचवते आणि दुसरी काही हजार, हे यादीवरून कळत नाही. मग माणूस सोपी सूचना पाळतो, मनाचे समाधान करून घेतो आणि बिल होते तिथेच राहते. घरातील खरा खर्च जिथे काहीतरी तापवले जाते किंवा गार केले जाते तिथे होतो. बाकीच्या बचती त्या मानाने चिल्लर आहेत. चिल्लरही कामाची असते, पण तिजोरी उघडी टाकून ती मोजत बसण्यात अर्थ नाही.

पाणी तापवायला किती उष्णता लागते हे भौतिकशास्त्राने ठरवून टाकले आहे, तिथे घासाघीस चालत नाही. एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला सुमारे ४.२ किलोज्यूल लागतात आणि एक युनिट वीज म्हणजे ३,६०० किलोज्यूल. अंघोळीची वीस लिटरची बादली २५ अंशांवरून ४० अंशांवर न्यायची तर साधारण ०.३५ युनिट खर्च होते. नाशकात डिसेंबरच्या पहाटे टाकीतले पाणी १५ अंशांवर आले असेल, तर त्याच बादलीला ०.५८ युनिट लागते. चौघांच्या घरात रोज चार बादल्या धरल्या तर महिन्याला ४२ ते ७० युनिट निव्वळ अंघोळीत जातात. शेजारी दिव्याचा आकडा ठेवून पाहावा: एका बादलीच्या विजेवर ९ वॉटचा एलईडी दिवा जवळजवळ चाळीस तास जळतो. दिवाणखान्यातला दिवा मालवला नाही म्हणून मुलाला बोल लावणारे आणि गिझर तासभर आधी लावून ठेवणारे वडील एकाच व्यक्तीत सापडतात, ते या हिशेबाच्या अभावामुळे.

न्हाणीघरातील बचत म्हणूनच दोन-तीन साध्या गोष्टींत आहे. शॉवरमधून मिनिटाला आठ-दहा लिटर पाणी सहज जाते. दहा मिनिटांच्या शॉवरला बादलीच्या चार-पाच पट पाणी लागते आणि तितक्याच पट उष्णताही. साठवणीच्या गिझरमध्ये पाणी साठ-पासष्ट अंशांपर्यंत तापते, मग त्यात गार पाणी मिसळून माणूस ते चाळीसवर आणतो. जितके जास्त तापवावे तितकी टाकीतून उष्णता जास्त गळते, म्हणून तापमान पन्नासच्या आसपास ठेवून अंघोळीच्या वेळेआधी दहा-पंधरा मिनिटे बटण दाबणे पुरते. घरातील सर्वांनी एकापाठोपाठ अंघोळी उरकल्या तर टाकी पुन्हा पुन्हा गार होत नाही. गॅसवर चालणारा गिझर पैशांत स्वस्त पडतो, पण बंद न्हाणीघरात त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड जिवावर बेततो आणि दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात. खिडकी नसलेल्या न्हाणीघरात ती काटकसर करूच नये.

बंबाचा विषय इथे निघणे साहजिक आहे. तांब्याच्या बंबात करवंट्या, झावळ्या, शेंगांची फोलपटे, सुकलेल्या काटक्या असा घरातला आणि परसातला कचराच जळायचा. कोकणात काही घरांत तो आजही चालतो. इंधन फुकट आणि नूतनीकरणक्षम, हे खरे. पण धूरही खराच, आणि तो पहाटे उठून बंब पेटवणाऱ्या बाईच्या डोळ्यांत जायचा. बंबाचे गोडवे गाणाऱ्या लेखांत तो धूर सहसा दिसत नाही. आज बंबाची जागा खऱ्या अर्थाने कोणी घेऊ शकत असेल तर ते सौर उष्णजलयंत्र. दिवसाला शंभर लिटर पाणी तापवणारे यंत्र वर्षाला १,५०० युनिटपर्यंत वीज वाचवू शकते. पुणे महापालिका सौरऊर्जा, गांडूळखत आणि पर्जन्यजलसंधारण यांपैकी एक योजना राबवणाऱ्या घराला मिळकतकरात ५ टक्के आणि दोन किंवा अधिक राबवणाऱ्याला १० टक्के सूट देते. अट एवढीच की यंत्र चालू हवे. कित्येक इमारतींच्या गच्चीवर बांधकाम परवानगीपुरती बसवलेली सौरयंत्रे नळ्यांत क्षार साचून निकामी पडलेली असतात आणि खाली प्रत्येक घरात विजेचा गिझर चालतो.

स्वयंपाकघरातील उष्णतेचा हिशेब आणखी गमतीचा आहे. एक लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला सुमारे ३१५ किलोज्यूल लागतात, पण त्याच एका लिटरची वाफ करून उडवायला लागतात २,२५७, म्हणजे सातपट. उकळी फुटल्यावर आच कितीही वाढवली तरी पाणी शंभर अंशांच्या वर जात नाही. जास्तीचा गॅस फक्त वाफ उडवतो. डाळ झाकण न ठेवता मोठ्या आचेवर रटरटत ठेवली की सिलिंडर स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर जाऊ लागतो. झाकण ठेवणे आणि उकळीनंतर आच मंद करणे या दोन सवयींना एक पैसाही लागत नाही.

कुकरचेही तेच. वरणभाताचा कुकर लावल्यावर आतले तापमान १२० अंशांच्या आसपास जाते आणि म्हणून डाळ लवकर शिजते. पहिली शिट्टी होण्याआधी आतला दाब पुरता वाढलेला असतो. त्यानंतर लागते ती फक्त बाहेर गळणारी उष्णता भरून काढण्यापुरती आच. शिट्टी म्हणजे फुकट गेलेली वाफ. मोठ्या आचेवर सहा शिट्ट्या काढण्यापेक्षा पहिल्या शिट्टीनंतर बर्नर अगदी बारीक करून दहा मिनिटे ठेवले आणि मग वाफ आपोआप जिरू दिली, तर तीच तूरडाळ तितकीच मऊ होते. पण शिट्ट्या मोजण्याची सवय इतकी मुरलेली आहे की बहुतेक पाककृती वेळेऐवजी शिट्ट्यांतच सांगितल्या जातात. एकाच कुकरमध्ये खाली वरण, मधल्या भांड्यात भात आणि वर एखादा बटाटा किंवा रताळे लावण्याची मराठी घरातील पद्धत मात्र इंधनाच्या दृष्टीने उत्तम. कडधान्ये रात्री भिजवली की शिजायला लागणारा वेळ खूप घटतो. मोड आणले तर आणखी. शेगडीची ज्योत निळी हवी. ती पिवळी दिसू लागली आणि भांड्याच्या बुडाला काजळी धरू लागली की बर्नरची छिद्रे बुजली आहेत असे समजावे.

पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने, म्हणजे डॉ. आनंद कर्वे यांनी १९९६ मध्ये स्थापलेल्या समुचित ग्रामीण तंत्रज्ञान संस्थेने, या दिशेने बरेच काम केले आहे. संस्थेच्या ‘सराई’ कुकरमध्ये शंभर ग्रॅमच्या आसपास कोळशाच्या वड्यांवर वाफेने एका कुटुंबाचा वरणभात आणि भाजी होते, आणि ते कुणी राखत बसावे लागत नाही. उरलेसुरले अन्न घालून चालणारे छोटे बायोगॅस संयंत्रही तिथलेच. शेणाऐवजी शिळी पोळी, भात, खराब पीठ यांवर ते चालते, कारण जिवाणूंना गॅस करायला जनावराने आधीच पचवलेल्या चाऱ्यापेक्षा पिष्टमय अन्न फार सोपे जाते. गच्ची किंवा अंगण असलेल्या घरात त्यामुळे सिलिंडर जास्त दिवस पुरतो. फ्लॅटमध्ये मात्र हे जमत नाही आणि तसा आव आणू नये.

गॅसऐवजी इंडक्शन वापरणे पर्यावरणाला आणि खिशाला बरे, असे सरसकट सांगितले जाते. ते तपासून पाहता येते. १४.२ किलोच्या सिलिंडरमधील गॅसची उष्णता सुमारे १८० युनिट विजेइतकी असते. चांगल्या शेगडीवर तिच्यातील दोन-तृतीयांश भांड्यात पोहोचते, म्हणजे १२० युनिट. इंडक्शनवर ८५ टक्के पोहोचते असे धरले तर तेवढ्याच कामाला १४० युनिट वीज लागेल. सिलिंडर नऊशे रुपयांना धरला, तर वीज साडेसहा रुपये युनिटच्या आत पडत असेल तरच इंडक्शन स्वस्त. आणि वीज किती रुपयांना पडते, हा प्रश्न महाराष्ट्रात वाटतो तितका सरळ नाही.

महावितरणच्या घरगुती ग्राहकाचे बिल टप्प्यांत आकारले जाते: पहिले १०० युनिट, मग १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर. दर बदलत राहतात, मुंबईत बेस्ट, टाटा आणि अदानीचे दर निराळे आहेत. पण अलीकडच्या वर्षांतील महावितरणची साधारण ठेवण अशी की वहन आकार धरून पहिल्या टप्प्यात युनिट सहा रुपयांच्या आसपास, दुसऱ्यात अकरा-साडेअकरा आणि तिसऱ्यात पंधराच्या आसपास. त्यावर १६ टक्के वीज शुल्क. म्हणजे एकाच भिंतीवरच्या एकाच मीटरमधून येणाऱ्या युनिटांची किंमत सारखी नसते. वाचवलेले युनिट नेहमी सर्वांत महागड्या टप्प्यातले असते, कारण बिल वरून खाली उतरत येते. महिन्याला ९० युनिट वापरणाऱ्या घराने ३० युनिट वाचवले तर १८० रुपये वाचतात. १३० वापरणाऱ्याने तेवढेच वाचवले तर सव्वातीनशेच्या वर. आणि ३५० वापरणाऱ्याने वाचवले तर साडेचारशेच्या आसपास. शुल्क वेगळे.

या एका गोष्टीवर बरेच निर्णय फिरतात. शंभर युनिटांच्या आत राहणाऱ्या घरात शुल्क धरून इंडक्शन जवळजवळ गॅसइतकेच पडते. दीडशेवर गेलेल्या घरात तीच शेगडी गॅसपेक्षा महाग पडते. पंख्याचेही तसेच. जुना छताचा पंखा ७५ वॉट घेतो, बीएलडीसी मोटरचा नवा पंखा ३० च्या आसपास. दिवसाला चौदा तास आणि वर्षातले तीनशे दिवस धरले तर वर्षाला १८९ युनिटांचा फरक पडतो. दुसऱ्या टप्प्यातील घरात तीन हजारांचा पंखा दीड वर्षात वसूल होतो, पहिल्या टप्प्यातील घरात पावणेतीन वर्षे लागतात. काटकसरीची सर्वांत जास्त गरज असलेल्या कुटुंबाला कार्यक्षम यंत्राचा मोबदला सर्वांत उशिरा मिळतो, आणि सुरुवातीचे तीन हजारही त्याच्याकडेच नसतात. जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना तारांकन सक्तीचे झाले, त्यामुळे दुकानात निदान तुलना करता येते.

पंख्याविषयी आणखी एक गैरसमज घरोघर आहे. पंखा हवा गार करत नाही. तो अंगावरचा घाम लवकर सुकवतो. रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा मोटरच्या उष्णतेने खोली तापवतोच, तिळभर का होईना. जुना डबीसारखा रेग्युलेटर वेग कमी करून वाचलेली वीज स्वतःच तापून घालवतो. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर तसे करत नाही.

गारव्याचे उपाय गावागणिक बदलतात आणि हे सर्वांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे. माठातले पाणी मातीच्या छिद्रांतून झिरपते, बाहेर सुकते आणि सुकताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. हवा कोरडी तितका माठ गार. म्हणून मे महिन्यात अकोल्यात, नागपुरात माठातले पाणी दाताला लागते आणि रत्नागिरीत तोच माठ कोमट राहतो. वाळ्याचे ताटवे आणि कूलर यांचे शास्त्र हेच. विदर्भात दीडशे-दोनशे वॉटचा कूलर खोली राहण्याजोगी करतो, तिथे दीड टनाच्या एसीला हजार-दीड हजार वॉट लागतात. मुंबईत तोच कूलर हवेत ओलावा वाढवून माणसाला आणखी चिकट करतो. म्हणजे मुंबईकराने पंखा आणि एसी यांतून निवडावे आणि नागपूरकराने एसी घेण्याआधी कूलरचा विचार करावा. राज्याला मिळून एकच सल्ला देता येत नाही.

एसी घेतलाच असेल तर तापमानाचा आकडा हीच मोठी बचत. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या अंदाजाने एक अंश वाढवला की सुमारे ६ टक्के वीज वाचते. २०२० पासून तारांकित एसींचे मूळ तापमान २४ अंश ठेवणे बंधनकारक झाले ते याच कारणाने. तरी बटण दाबून १८ वर नेले जाते. साध्या एसीत १८ आकडा लावल्याने खोली लवकर गार होत नाही. यंत्र फक्त जास्त वेळ चालते. २० ऐवजी २४ ठेवून सोबत पंखा लावला, तर रात्रीच्या आठ युनिटांतले दोनेक वाचतात. उन्हाळ्याचे नव्वद दिवस, आणि एसी असलेल्या घराचे हे युनिट बहुधा तिसऱ्या टप्प्यातले, म्हणजे अडीच हजारांच्या वरची रक्कम. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून बांबूची चटई किंवा ताडपत्री लावली तर ऊन आत येण्याआधीच अडते. आतून लावलेला पडदा काचेतून आत आलेल्या उन्हाला अडवतो खरा, पण तोवर ते खोलीत शिरलेले असते.

दिव्यांच्या बाबतीत मोठी बचत होऊन गेली आहे. जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेने सरकारी खरेदीत एलईडी दिव्याची किंमत ३१० रुपयांवरून दोन-अडीच वर्षांत ३८ पर्यंत खाली आणली आणि ६० वॉटच्या जागी ९ वॉट आले. आता दिव्यांत फारसे उरलेले नाही. रिकामा चार्जर वर्षभर लावून ठेवला तरी तीन-चार युनिटच घेतो. पण टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स टीव्ही बंद असतानाही दहा वॉट ओढत राहिला तर वर्षाचे ८८ युनिट होतात, एका फ्रिजच्या तिसऱ्या हिश्श्याइतके. फ्रिजचे दार बंद करताना त्यात कागदाचा तुकडा अडकवावा. तो सहज ओढून निघाला तर दाराचे रबर सैल झाले आहे आणि फ्रिज चोवीस तास स्वयंपाकघर गार करत आहे. रबर बदलायला काहीशे रुपये पुरतात.

पाण्याच्या बचतीत पैसा दिसेलच असे नाही. अनेक शहरांत पाणीपट्टी घराच्या करयोग्य मूल्यावर ठरते, वापरावर नाही. वर्षभर नळ वाहता ठेवला काय आणि थेंब थेंब जपला काय, आकडा तोच. सोसायटीत टँकरचे बिल सर्व फ्लॅटना सारखे वाटले जाते, मग पाणी वाचवणाऱ्याची बचत शेजाऱ्याच्या गाडीच्या धुण्यात वाहते. सवयी उपदेशाने क्वचित बदलतात, फ्लॅटवार मीटर बसले की पुष्कळदा आपोआप बदलतात. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले तेव्हा शहरात प्रत्येक घागरीचा हिशेब होत होता. पाऊस पडला की हिशेब थांबतो.

पाण्यात पैसा खरोखर दिसतो तो आरओ यंत्रात. घरगुती आरओ एक लिटर पिण्याचे पाणी देताना साधारण तीन लिटर नाल्यात सोडतो. हे यंत्र क्षार काढण्यासाठी आहे. खडकवासला किंवा भातसा धरणाचे पाणी मुळातच मऊ असते, आणि पालिकेच्या शुद्ध केलेल्या पाण्यासाठी साधा गाळणीचा किंवा अतिनील किरणांचा शुद्धीकरणसंच पुरतो. राष्ट्रीय हरित लवादाने मे २०१९ मध्ये नेमके हेच म्हटले: विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमच्या आत असतील तिथे आरओ वापरू देऊ नये. पुण्याच्या उपनगरांत बोअर आणि टँकरवर जगणाऱ्या सोसायट्यांत मात्र पाणी जड असते आणि तिथे आरओला पर्याय नसतो. तिथे निदान वाया जाणारी नळी बादलीत सोडून ते पाणी फरशी पुसायला आणि संडासात घालायला वापरता येते. झाडांना ते रोज घालू नये, कुंडीत क्षार साचतात.

अन्नाच्या नासाडीकडे वीज-पाण्याच्या मानाने कमी लक्ष जाते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालात भारतीय घरांतील अन्नाची नासाडी माणशी वर्षाला सुमारे ५५ किलो धरली आहे. तो अंदाजच आहे, पण निम्मा धरला तरी चौघांच्या घरात शंभर किलोच्या वर अन्न होते, आणि त्याचे पैसे किराण्याच्या बिलात आधीच दिलेले असतात. मराठी स्वयंपाकात यावरची तोड पूर्वीपासून आहे: शिळ्या पोळीचा कुस्करा, फोडणीचा भात, दोडक्याच्या शिरांची चटणी, उरलेल्या वरणात भिजवलेले थालीपीठ. हे पदार्थ आता उपाहारगृहांत ‘पारंपरिक’ म्हणून दीडशे रुपयांना मिळतात. घरात मात्र ‘शिळे’ या शब्दाला कमीपणा चिकटला आहे.

वस्तूंच्या बाबतीत पर्यावरण आणि बचत यांची सर्वाधिक गल्लत होते. बांबूचा ब्रश, तांब्याची बाटली, छापील घोषवाक्याची कापडी पिशवी ही सगळी खरेदी आहे. डेन्मार्कच्या पर्यावरण संस्थेच्या २०१८ च्या अभ्यासात असे निघाले की नव्या कापसाच्या पिशवीने प्लास्टिकच्या पिशवीपेक्षा हवामानाचे कमी नुकसान करायचे तर ती किमान ५२ वेळा वापरली पाहिजे. सगळेच परिणाम धरले तर ७,१०० वेळा. समारंभात वाटलेल्या डझनभर पिशव्या कपाटात पडून असतील तर पर्यावरणाचे काही भले झाले नाही. जुन्या विजारीची किंवा साडीची शिवलेली पिशवी या हिशेबातच येत नाही, कारण तिच्यासाठी नवा कापूस पिकवलाच गेला नाही. लुगड्याची गोधडी, गोधडीचे पायपुसणे आणि पायपुसण्याचा पोतेरा असा एका कापडाचा प्रवास पूर्वी तीस-चाळीस वर्षांचा असे. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण, रद्दीवाला आणि भंगारवाला या साखळीतले पुढचे दुवे. पुण्यात १९९३ पासून कागद-काच-पत्रा कष्टकरी पंचायतीत संघटित झालेल्या कचरावेचकांनी हेच काम शहराच्या व्यवस्थेत आणले; त्यांना ओला आणि सुका कचरा वेगळा करून देणे हे घरासाठी फुकटचे काम आहे, त्यांच्यासाठी रोजी.

इथवरच्या हिशेबात एक रकाना रिकामा राहिला आहे. भिजवणे, मोड आणणे, वाळवणे, गोधडी शिवणे, आरओचे पाणी बादलीत भरून नेणे, या प्रत्येक सवयीला वेळ लागतो आणि तो बहुतेक घरांत एकाच व्यक्तीचा असतो. बाळाला दिवसाला पाच डायपर दहा रुपयांप्रमाणे धरले तर महिन्याला दीड हजार होतात; जुन्या सुती कापडाच्या लंगोटांनी ते जवळजवळ सगळे वाचतात. पण रोजचे पंधरा लंगोट धुणारे हात कुणाचे, हे न विचारता केलेली बचत म्हणजे बाईच्या श्रमांचे रूपांतर नवऱ्याच्या बँकखात्यात करणे. आजीच्या काळातील काटकसरीचे कौतुक करताना बहुतेक लेखक इथे थांबत नाहीत, थांबायला हवे. झाकण ठेवणे, आच मंद करणे, एसीचा आकडा वाढवणे, गिझर वेळेवर बंद करणे या सवयींचे मोल यासाठीच जास्त आहे की त्यांना वेळ लागत नाही. पैशांची मोठी बचत आणि बिनकष्टाची बचत योगायोगाने एकाच ठिकाणी, उष्णतेत, सापडते.

स्वतःचे छप्पर असलेल्या घराला आणखी एक मार्ग आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० असे कमाल ७८,००० रुपये अनुदान आहे. एक किलोवॉटचे पॅनेल साधारण शंभर चौरस फूट सावलीमुक्त जागा घेते आणि दिवसाला सरासरी चार युनिट देते, पावसाळ्यात बरेच कमी. त्यातून महिन्याचे १२० युनिट वजा झाले की ज्या घराचे बिल तिसऱ्या टप्प्यात होते ते दुसऱ्यात येते. ज्याचे बिल शंभराच्या आतच होते त्याला पैसे वसूल व्हायला फार वर्षे लागतील. भाडेकरूला तर हे करताच येत नाही: पॅनेल मालकाने लावायचे आणि बिल भाडेकरूने भरायचे, म्हणून दोघेही काही करत नाहीत.

वाचलेल्या पैशाचे पुढे काय होते, हाही याच विषयाचा भाग. इंग्लिश अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स याने १८६५ मध्ये कोळशाविषयी लिहिताना दाखवले होते की वाफेची यंत्रे कार्यक्षम झाल्याने कोळशाचा वापर घटला नाही, उलट वाढला. स्वस्त झालेली गोष्ट माणसे जास्त वापरू लागली. घरातही ते घडते. एलईडी आल्यावर एका दिव्याच्या जागी छतात आठ आले. पाच ताऱ्यांचा एसी आहे म्हणून तो दुपारीही लागतो. सौर पॅनेल बसल्यावर ‘वीज फुकट आहे’ म्हणून दुसरा फ्रिज येतो. खिशाचे नुकसान होत नसेल, पण कोळशाची बचत ठरल्यापेक्षा बरीच कमी झालेली असते. पैसे वाचले म्हणजे पर्यावरण वाचलेच, असे समीकरण इथे तुटते.

घरात नक्की किती वाचले हे कळण्याची सोय मीटरवरच असते. महावितरणच्या बिलावर मागील महिन्यांचा वापर छापलेला असतो. एप्रिलची तुलना मार्चशी न करता मागच्या एप्रिलशी करावी, नाहीतर ऋतूचा फरक सवयीच्या नावावर जमा होतो. त्याहून नेमकी खूण म्हणजे मीटरचा लुकलुकणारा लाल दिवा. पुष्कळ मीटरांवर ‘३२०० इम्पल्स प्रति युनिट’ अशा अर्थाचा आकडा छापलेला असतो. म्हणजे दिवा ३,२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. घरात १०० वॉट चालू असतील तर तो सव्वाअकरा सेकंदांनी एकदा लुकलुकतो, ३० वॉट असतील तर ३७-३८ सेकंदांनी. रात्री घरातील सगळी बटणे बंद करावीत, फ्रिजचेही काही मिनिटे, आणि घड्याळ हातात घेऊन मीटरसमोर उभे राहावे. दिवा पूर्ण थांबला तर घरात चोरून वीज खाणारे काही नाही. दर पस्तीस-चाळीस सेकंदांनी तो लुकलुकत राहिला, तर कुठेतरी राऊटर, सेट-टॉप बॉक्स किंवा बंद वाटणारा संगणक मिळून महिन्याचे वीसेक युनिट ओढत आहेत. मग एकेक प्लग काढत जावे आणि दोन लुकलुकींतले अंतर मोजत राहावे.